परभणीत शिवलेलं समुद्राचं कॅमेरा-कव्हर

परभणीहून समुद्र पाचशे किलोमीटरच्या वर. त्यामुळे गांधी पार्काच्या मागे रिक्षाचे हूड आणि ट्रॅक्टरची सीट शिवणाऱ्या मामांना मी "समुद्रावर न्यायला कॅमेऱ्याचं कव्हर शिवून द्या" म्हणालो, तेव्हा शेजारचा पंक्चरवाला फिदीफिदी हसला. मामा हसले नाहीत. मशीन थांबवून त्यांनी विचारलं, "समुद्राचं पानी खारं आसतंय मन्तेत. आपल्या बोरच्या पान्यावानी का त्याहून जास्त?"

जास्त, म्हणालो. किती जास्त ते मलाही कुठं ठाऊक होतं!

मी लग्नाचे फोटो काढतो. २०२० ची उन्हाळी लग्नसराई टाळेबंदीत गेली, बॅगेत पडून एका लेन्सला बुरशी आली. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरजवळ किनाऱ्याला धडकलं आणि रायगडातल्या नारळी-पोफळी आडव्या झाल्याच्या बातम्या घरात बसून पाहिल्या. वर्ष संपता संपता आम्ही धंद्यातले पाच जण निघायचं म्हणालो : मुरूड तालुक्यातलं कोर्लईचं दीपगृह, आणि तिथपर्यंत गावातून, समुद्राच्या कडेनं पायी फोटो काढत जायचं.

एक कव्हर आधी ऑनलाइन मागवलं होतं. चकचकीत, हलकं, किंमत सांगायची लाज वाटते. घराच्या गच्चीवर पाइपानं पाणी मारून पाहिलं, तर शिवणीतून आत झिरपलं. म्हणून मामा.

मामांनी वापरलं ते रिक्षाच्या हुडाचं काळं रेक्झिन, आतून सुती अस्तर. मागच्या बाजूला, डोळा लावतो तिथं, रिक्षाच्या पडद्याला असते तसल्या पारदर्शक प्लॅस्टिकची खिडकी. मी चेन लावा म्हणालो, त्यांनी साफ नकार दिला. युरियाच्या पोत्याशेजारी ठेवलेल्या बॅगेची चेन पंधरा दिवसांत कशी गंजून धरते ते त्यांना माहीत होतं. खारं म्हटल्यावर लोखंड नको, पितळही नको. बाजूनं वेल्क्रो लावलं. शिवण दुहेरी, आणि शेवटी सुईच्या भोकांवरून मेणबत्ती रगडून वरून गरम इस्त्रीचं टोक फिरवलं. मी शेजारी चहा घेऊन उभा होतो. एकेक भोक बुजताना दिसत होतं.

तेव्हा साडेतीनशे रुपये नग. पाच कव्हरं आणि पाच पिशव्या. पिशव्यांचं पुढं सांगतो.

तक्रार नंबर एक इथंच उरकतो : "उद्या या" हे मामांचं पेटंट वाक्य आहे. चार उद्या झाले. तारीख गाठायची असेल तर आठवडा आधी माप द्या, आणि लेन्स सोबत न्या. मी सत्तर-दोनशेचं (७०-२०० मिमीची लांब झूम लेन्स) माप तोंडी सांगितलं, ते नडलं.

तारीख आम्ही कालनिर्णयावरून काढली. कोकणात हिशेब सोपा आहे, तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारच्या आसपास भरती, आणि तिथून सहा तासांनी, नेमकी सूर्यास्ताच्या सुमाराला, ओहोटी. खडक उघडे, पाय ठेवायला जागा, वर तिरपा उजेड. म्हणून दत्तजयंतीच्या दिवशी पहाटे क्रूझर जीप काढली. पाथरी, माजलगाव, गढी, पाथर्डी, नगर, पुणे. करोनामुळे शहरांत रात्रीची संचारबंदी होती, अकराच्या आत शहरं मागं टाकायची घाई. दुसऱ्या दिवशी रेवदंड्याहून खाडीचा पूल ओलांडून कोर्लई.

(पाथरीवरून जाताना आमच्यातला एक म्हणाला, निजामशाहीचं मूळ घराणं आपल्या पाथरीचं. त्याच निजामशाहीनं कोर्लईच्या डोंगरावर तटबंदी घातली आणि १५९४ साली पोर्तुगीजांनी ती जिंकून घेतली. म्हणजे परभणीकरांची ही दुसरी चढाई. गावात अजूनही काही घरांतून पोर्तुगीज वळणाची बोली कानावर पडते.)

वादळाला सात महिने होत आले होते. काशीदला सुरूची झाडं अजून आडवी होती, कुठं बुंधे कापून ठेवलेले. घरांवर नवे पत्रे इतके चमकत होते की एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घ्यायचा उजेड, दोन स्टॉप खाली आणावं लागत होतं. आम्ही उतरलो त्या घरच्या काकू म्हणाल्या, "माड आज लावला तरी फळ धरायला सहा-सात वर्षं." २०१४ च्या गारपिटीत आमच्याकडं शेतकऱ्यांनी मला पंचनाम्याचे फोटो काढायला बोलावलं होतं. झाडाशेजारी माणूस उभा करा, मोसंबीच्या बुंध्याजवळून घ्या, असं तेच सांगायचे. कोर्लईत मी तसंच विचारलं, कुठून काढू. काकूंनी विहिरीच्या कडेची, मुळासकट उपटलेली पोफळ दाखवली आणि स्वतः बाजूला उभ्या राहिल्या, पदर सावरून. त्या फोटोची प्रत नंतर पोस्टानं पाठवली.

आता कव्हर. दीपगृह किल्ल्याच्या डोंगराच्या पायथ्याशी, समुद्राच्या अंगाला आहे. आत सोडणं न सोडणं तिथल्या कर्मचाऱ्यांच्या वेळेवर, त्यामुळे मनोऱ्यावर चढायची आशा धरून बेत आखूच नका. खालचे खडक आणि वर किल्ल्याला जाणाऱ्या पायऱ्या यांवरच आमचा पूर्ण दिवस निघाला. ड्रोन आणलाच नव्हता, परवानगीची कटकट कोण करणार. चारनंतर पश्चिमेचा वारा सुटला आणि खडकावर फुटणाऱ्या लाटांचे तुषार थेट तोंडावर. ऑनलाइनचं कव्हर एकानं हट्टानं आणलं होतं, ते फडफडून त्याच्या प्रत्येक फोटोत कोपऱ्यातून डोकावत होतं. मामांचं रेक्झिन जड, जागचं हललं नाही. आतलं अस्तर शेवटपर्यंत कोरडं.

पिशव्यांनी तर कमाल केली. ताडपत्रीची रिकामी पिशवी, घडी घालून खिशात मावते. तिथं पोचल्यावर वाळू-गोटे भरायचे आणि ट्रायपॉडच्या हुकाला अडकवायची. पट्टा फार लांब केला म्हणून मी परभणीत कुरकुरलो होतो. पण लोंबकळती पिशवी वाऱ्यात झोके घेते आणि ट्रायपॉडलाच हलवते. पट्टा लांब असल्यानं पिशवी खडकाला टेकली आणि ट्रायपॉड रोवल्यासारखा उभा राहिला. शटर आठ सेकंद उघडं ठेवून काढलेले फोटो पाहा, दीपगृहाची कड सुरीसारखी आली आहे.

उणं ते सांगतो. तोंडाचं इलॅस्टिक इतकं घट्ट की सत्तर-दोनशेची झूम रिंग आतल्या आत फिरेना. शेवटी एकशेवीसला ठेवून पायानंच झूम केला. चोवीस-सत्तरला काहीच त्रास नाही. खिडकीवर खाऱ्या थेंबांचा पांढरा थर बसला, मी तो कोरड्या रुमालानं पुसला आणि चरे पाडून घेतले. ओल्या फडक्यानंच पुसायचं. नव्या रेक्झिनचा वास क्रूझरमध्ये डोकं उठवतो, दोन दिवस उन्हात टाका. आणि दिसायला ते कव्हर म्हणजे रिक्षाचं पिल्लू आहे. लग्नाच्या मांडवात घेऊन गेलो तर नवरीकडचे हसतात.

परत आल्यावर इलॅस्टिक ढिलं करायला आणि खिडकी बदलायला गेलो. चाळीस रुपये घेतले, या वेळी उभ्याउभ्या काम. पंक्चरवालाही येऊन बसला, फोटो बघायला. मामांनी आधी कव्हरच पाहिलं. शिवणीच्या खाचेत पांढरं काहीतरी धरलं होतं, ते नखानं खरवडून जिभेला लावलं.

"हाव," ते म्हणाले, "आपल्या बोरापरीस लईच जास्त हाय."