पाकाचं भाजणं, औषधी मधाची ट्यूब आणि जांबोटीची बाटली : सात महिन्यांचा अनुभव

दिवाळीच्या आदल्या दिवशी आईच्या हातावर लाडवाचा उकळता पाक सांडला. पाक तेलासारखा ओघळून जात नाही, कातडीला चिकटून बसतो. उजव्या मनगटापासून वर चार बोटं रुंदीची जागा भाजली आणि तासाभरात फोड आले. सुदैवाने शेजारच्या काकूंनी हळद, टूथपेस्ट काही लावू दिलं नाही. हात वीस मिनिटं नळाखाली धरायला लावला, मग आम्ही बेळगावातल्या शहापुरातून दवाखाना गाठला.

आईला दहा वर्षं मधुमेह आहे, त्यामुळे जखम चिघळायची धास्ती होती. पहिले सहा दिवस चांदीचं पांढरं मलम लावलं. सातव्या दिवशी जखमेवर पिवळट थर आणि वास होता, तेव्हा डॉक्टरांनीच मधाचं ड्रेसिंग सुचवलं. मी लगेच म्हटलं, घरी जांबोटीचा (बेळगावजवळचं गाव) मध आहे. ते जवळजवळ ओरडलेच. खायच्या मधात जिवाणूंची बीजं असू शकतात. जखमेवर लावायचा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. त्यात बीजं मरतात, पण तापवल्यावर नासतात ते गुण बऱ्यापैकी टिकतात. अशी ट्यूब औषधाच्या दुकानात तयार नव्हती, मागवावी लागली, चार दिवस गेले. दुकानातल्या पोराने विचारलं, ‘जेनुतुप्पाचं मलम?’ मधाला कानडीत माशीचं तूप म्हणतात. मलमाला तो शब्द किती शोभतो, हे मला त्या दिवशी जाणवलं.

आता वापराबद्दल. पहिली गोष्ट, हे झोंबतं. मध आम्ल असतो, सामू (पीएच) साधारण 3.2 ते 4.5. आई पहिल्या दिवशी दहा-पंधरा मिनिटं कळवळली. दुसरी, पहिले तीन-चार दिवस जखम जास्त पाझरते आणि पट्टी भिजून चादरीला लागते. मी घाबरले, पण कारण साधं आहे : मधातली दाट साखर आतलं पाणी ओढून घेते, त्यात जिवाणूंनाही पाणी मिळत नाही. शिवाय माशी मकरंदात ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं विकर (एन्झाइम) घालते. मध जखमेच्या पाण्याने पातळ झाला की ते जागं होतं आणि थोडं थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करत राहतं. आम्ही आधी दिवसातून दोनदा, नंतर दिवसाआड पट्टी बदलली. पट्टी जखमेला चिकटत नव्हती, हा आईच्या दृष्टीने सगळ्यात मोठा फायदा. वास तिसऱ्या दिवशी गेला. मध सुरू केल्यापासून सोळाव्या दिवशी कातडी धरली.

एका हातावरून काही सिद्ध होत नाही, म्हणून मी वाचायला बसले आणि पहिलंच नाव सापडलं ते आपल्या सोलापूरचं. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयातले शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी 1991 साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’त 104 भाजलेल्या रुग्णांचा अभ्यास छापला : निम्म्यांना मध, निम्म्यांना चांदीचं मलम. मधाच्या गटात सात दिवसांत 91 टक्के जखमांमधला जंतुसंसर्ग आटोक्यात आला. जगभर मधावर लिहिणारे आजही या अभ्यासाचा दाखला देतात आणि आपल्याकडे कुणाला हे नावही माहीत नाही, याचं मला खरंच वाईट वाटलं. पुढे 2015 साली कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने सगळ्या चाचण्या एकत्र तपासल्या. वरवरच्या भाजण्यात नेहमीच्या पट्ट्यांपेक्षा मधाने जखम चार-पाच दिवस लवकर भरते, याचे पुरावे त्यांना पक्के वाटले. चांदीच्या मलमाशी तुलना केलेल्या चाचण्या मात्र कच्च्या निघाल्या. पायाच्या शिरांच्या व्रणांवर फायदा दिसला नाही. म्हणून मधुमेहाच्या पायाच्या जखमेवर कुणी घरचा मध बांधत असेल तर हात जोडून सांगते, तसं करू नका. आधी डॉक्टर.

आता खायच्या मधाबद्दल. पहिली बाटली चोर्ला घाटाच्या रस्त्यावर घेतली होती, आग्या मोहोळाचा म्हणून. महिन्याभरात फेस आला, झाकण फट्‌कन उडालं, चव आंबट. त्यात पाणी जास्त होतं. नियमाने ते 20 टक्क्यांपेक्षा जास्त नको. दुसरी जांबोटीत पेट्या ठेवणाऱ्या मामांकडून, सातेरी या देशी माशीचा, जांभळाच्या फुलोऱ्याचा, किलोला 600 रुपये. गडद रंग, शेवटी किंचित तुरट. डिसेंबरच्या थंडीत तळाशी रवा धरला तेव्हा भाऊ म्हणाला, साखर घातलीय. तसं नसतं, ग्लुकोजचे खडे थंडीत बनतातच. बाटली कोमट पाण्यात ठेवली, सुटला. पाण्यात थेंब टाकून किंवा काडी पेटवून भेसळ कळत नाही. 2020 साली सीएसई (सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट) या दिल्लीच्या संस्थेने 13 ब्रँड तपासले तेव्हा साध्या चाचण्यांत बरेच पास झाले, पण भेसळ बारकाईने पकडणाऱ्या एनएमआर या प्रयोगशाळेतल्या चाचणीत फक्त 3 टिकले. मामांच्या पेट्या मी डोळ्यांनी पाहिल्या, माझी खात्री तेवढ्यावरच.

हा मध भाच्यासाठी वापरला, वय पाच. सर्दीनंतरच्या रात्रीच्या खोकल्यावर झोपण्याआधी अर्धा तास एक चमचा. खोकला थांबत नाही, पण तो आणि त्याची आई दोघं झोपतात. अमेरिकेत 2007 साली 105 मुलांवर अशीच चाचणी झाली होती. काहीच न दिलेल्या मुलांपेक्षा मध दिलेल्यांची रात्र बरी गेली. आईला मात्र मी चमचाभरही देत नाही. मध शेवटी साखरच.

वहिनीने प्रोपोलिसचे (माश्या पोळ्यात वापरतात त्या डिंकाचे) थेंब आणले होते, घशाला फरक जाणवला नाही. रॉयल जेलीच्या (राणीमाशीच्या खाद्याच्या) गोळ्या परत करायला लावल्या, कारण भावाला दमा आहे आणि दमेकऱ्यांना त्याने जीवघेणी अॅलर्जी झाल्याच्या नोंदी आहेत.

घरात खरी भांडाभांडी झाली ती बाळावरून. बहिणीची मुलगी तेव्हा चार महिन्यांची. आई तिला गुटी मधात उगाळून द्यायला निघाली. मी वाटी हातातून काढून घेतली. ‘अगं, तुम्हा तिघांना चाटवूनच वाढवलं की मी!’ खरं आहे, वाढलो. पण मधातली बोट्युलिनम नावाच्या जिवाणूची बीजं वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजू शकतात, विष तयार करतात, बाळ लुळं पडतं. मोठ्यांच्या आतड्यात ती तग धरत नाहीत. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पट्टी बदलताना तिने स्वतःहून विचारलं, मग ट्यूबमधला तरी चालेल का? नाही, तोही नाही, तो लावायचा.

मेमध्ये मामांकडून नवीन हंगामाची बाटली आणली. आईने त्यातला थोडा मध लहान बरणीत काढून देवघराच्या फळीवर ठेवलाय. जुलैत बाळाला वर्ष पूर्ण होईल.