रायफल आली नाही, २,४६,८०० रुपये मात्र गेले

१८ नोव्हेंबर ते ९ डिसेंबर २०२४ या बावीस दिवसांत मी चार हप्त्यांत २,४६,८०० रुपये एका अशा माणसाच्या सांगण्यावरून भरले, ज्याला मी प्रत्यक्ष एकदाही भेटलो नव्हतो. मी साठी ओलांडलेला आहे, सरकारी नोकरीत लेखा शाखेत उभी हयात घालवली आहे आणि इतरांच्या बिलांतल्या चुका शोधून त्यांवर लाल शाई फिरवण्याचाच पगार घेतला आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘शिकलेली माणसे कशी फसतात’ हा प्रश्न मला गेल्या काही महिन्यांत इतक्यांनी विचारला आहे की त्याचे उत्तर एकदाच लिहून टाकणे बरे.

मला अर्धस्वयंचलित रायफल हवी होती. १ ऑगस्ट २०२४ रोजी आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेव्हा दूरदर्शनसमोर टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो, आणि पुतण्या नेमबाजीच्या सरावाला जात असल्यामुळे त्याच्यासोबत रविवारी रेंजवर बसण्याची सवय मला तेव्हापासूनच लागली. दुसरे कारण काटोलकडच्या आमच्या संत्र्याच्या बागेचे. मृग बहराची फळे झाडावर असताना तिथे रात्री मुक्काम करावा लागतो, रानडुकरांचा उपद्रव असतो आणि शेजारच्या बागेतून मोटारपंपाची केबल दोनदा चोरीला गेली होती. वडिलांच्या मागे माझ्या नावावर झालेली बारा बोअरची दुनळी घरात आहे, पण विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागताच ती रीतीप्रमाणे पोलीस ठाण्यात जमा करावी लागली होती. रिकामे कपाट पाहून माणसाला जे वाटते ते मला वाटत होते. ‘हाव नडली’ असे लोक म्हणतात, पण यात हावरटपणा कुठे होता, ते मला आजही कळत नाही.

अर्धस्वयंचलित म्हणजे काय, हे मला माहीत होते. चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते, पण रिकामे काडतूस बाहेर फेकले जाऊन पुढचे आपोआप नळीत चढते, बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा दांडा, हाताने मागेपुढे करावा लागत नाही. शस्त्र नियम २०१६ च्या अनुसूचीत अशा रायफली पहिल्या प्रवर्गात आहेत आणि त्यांचा परवाना शहरात पोलीस आयुक्तांकडून किंवा ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळत नाही, तो विषय थेट दिल्लीला केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो, हेही मी वाचले होते. शहरातल्या एका जुन्या शस्त्रविक्रेत्याने तर मला तोंडावर सांगितले होते, “काका, हा नाद सोडा. नेमबाजीसाठी पॉइंट टू टू घ्या, नाहीतर पॉइंट थ्री वन फाइव्ह बोल्ट अॅक्शन घ्या. त्यालाही आधी परवान्यावर दुसऱ्या शस्त्राची मंजुरी आणा, मग या.” हे आकडे नळीच्या व्यासाचे, इंचांतले; बोल्ट अॅक्शन म्हणजे दर गोळीला बोल्ट हाताने ओढायची रायफल. त्याने खरे सांगितले आणि मला तो उद्धट वाटला. पुढे ज्याने खोटे सांगितले, तो मला नम्र वाटला. ज्या कुसाळेच्या पदकाने मला ही हौस लागली, तो प्रकारही पॉइंट टू टूच्या, एका वेळी एकच गोळी भरायच्या रायफलीने खेळतात. त्याला अर्धस्वयंचलित लागतच नाही. हे पुतण्या मला ऑगस्टपासून सांगत होता.

तो नम्र माणूस स्वतःला निवृत्त सुभेदार म्हणवून घेत असे. त्याचा क्रमांक मला रेंजवरच्या एका ओळखीच्या गृहस्थाने दिला होता आणि तेही बिचारे २५,००० रुपयांना बुडालेले होते, हे नंतर समजले. सुभेदाराला कामठी छावणीतले रस्ते पाठ होते, लष्कराच्या ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या रेजिमेंटच्या तिथल्या केंद्रात आपण किती वर्षे होतो, हे तो सहज बोलता बोलता सांगत असे, आणि मला ‘दादा’ म्हणे. त्याने सांगितलेली गोष्ट अशी होती: शस्त्र कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली, एका माणसाला दोनच शस्त्रे ठेवता येतील असे ठरले, त्यामुळे जुन्या जमीनदार घराण्यांना तिसरे शस्त्र जमा करावे लागले, आणि त्यांतल्या उत्तम परदेशी रायफली आता जबलपूरच्या एका विक्रेत्याकडे पडून आहेत. १९८० च्या दशकापासून खाजगी माणसाला परदेशी शस्त्रे आयात करणे जवळपास बंद असल्यामुळे अशी चीज पुन्हा मिळणार नाही, मंजुरीचे दिल्लीतले काम आमचा माणूस बघतो, बारा दिवसांत रायफल हातात. यातली दुरुस्ती खरी आहे, दोन शस्त्रांची मर्यादा खरी आहे, आयातीची अडचणही खरी आहे. शंभरातल्या नव्वद गोष्टी खऱ्या सांगणारा माणूस उरलेल्या दहांतच आपले पोट भरतो.

बारा दिवस! शस्त्र अधिनियम १९५९ नुसार एखाद्या व्यक्तीला आपले परवान्याचे शस्त्र दुसऱ्याला विकायचे असेल, तर अधिकाऱ्यांना लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावे लागते. मी स्वतः वडिलांच्या दुनळीच्या वेळी परवाना शाखेच्या बाकावर महिनोन्‌महिने बसलो आहे. शस्त्राच्या बाबतीत कोणी तुम्हांला ‘लवकर’ हा शब्द वापरून दाखवला, की तिथेच फोन ठेवावा.

१८ नोव्हेंबरला ‘फाइल’चे २५,००० रुपये गेले. २२ नोव्हेंबरला रायफल राखून ठेवण्याचे १,१८,००० रुपये गेले, आणि याचे मला छापील बिल मिळाले. २ डिसेंबरला दिल्लीच्या ना-हरकत पत्राचे म्हणून ६२,५०० गेले आणि ९ डिसेंबरला विमा व सशस्त्र वाहतुकीचे म्हणून ४१,३०० गेले. चारही वेळा खाते वेगळे होते आणि एकही खाते विक्रेत्याच्या दुकानाच्या नावाचे नव्हते. मी विचारले तेव्हा “दादा, शस्त्राचा पैसा दुकानाच्या खात्यात घेतला की आयकरवाले मागे लागतात” असे उत्तर मिळाले. या उत्तराला मी मान डोलावली, ही गोष्ट मी घरात अजून सांगितलेली नाही.

आता त्या क्षणाविषयी. १ डिसेंबरच्या संध्याकाळी त्याने व्हिडिओ कॉलवर मला रायफल दाखवली. हिरव्या कापडावर ती आडवी ठेवली होती, दस्ता काळा, नळी लांब, वर दुर्बीण. त्याने बोल्टचा खटका ओढला, मॅगझिन काढून दाखवले आणि कॅमेरा नळीच्या तोंडाशी नेला. तिथे काळ्या रंगाखालून, नखाने खरवडल्यासारखी, नारिंगी रंगाची एक कड दिसत होती. मला ती दिसली. मी विचारलेही. तो म्हणाला, “दादा, कंपनीची तपासणीची खूण आहे.” प्लास्टिकच्या छर्ऱ्यांच्या खेळण्यातल्या बंदुकांच्या तोंडाला, त्या खऱ्या समजल्या जाऊ नयेत म्हणून, नारिंगी टोक लावलेले असते, हे पुतण्याने नंतर तो फोटो पाहताच दोन सेकंदांत सांगितले. संत्र्यांच्या मुलखात जन्म काढलेल्या माणसाला नारिंगी रंग दिसूनही उमगू नये, याला काय म्हणावे?

एवढ्यावर थांबत नाही. कॉलवर रायफलीच्या अंगावर कोरलेल्या क्रमांकाचे शेवटचे तीन अंक ४१७ होते आणि बिलावर ४७१. ही चूक मी पकडली, जुन्या सवयीने बिलावर पेन्सिलीने गोलही केला, आणि मग स्वतःच मनाशी म्हणालो की टंकलेखनाची चूक असेल. त्या बिलावरचा जीएसटी क्रमांक ०९ ने सुरू होत होता. ०९ हा उत्तर प्रदेशाचा संकेतांक आहे, जबलपूरच्या दुकानाचा क्रमांक २३ ने सुरू व्हायला हवा; शिवाय तो पंधराऐवजी चौदाच अक्षरांचा होता. दुसऱ्या कोणाचे बिल असते, तर मी ते तीन मिनिटांत परत पाठवले असते. स्वतःच्या हौसेचे बिल मी तपासले नाही. दुसऱ्याच दिवशी मी ६२,५०० रुपये पाठवले.

खरा विक्रेता पहिल्याच भेटीत परवान्याची पुस्तिका मागतो, तिच्यावरचा यूआयएन, म्हणजे राष्ट्रीय नोंदीतला तुमचा क्रमांक, तपासतो, आणि त्या परवान्यावर कोणत्या शस्त्राची मंजुरी आहे ते पाहिल्याशिवाय रायफल काचेच्या कपाटातून बाहेरही काढत नाही. या माणसाने माझी पुस्तिका शेवटपर्यंत मागितली नाही. आधार कार्डाचा फोटो मात्र पहिल्याच दिवशी मागितला.

१२ डिसेंबरला ‘राज्याच्या सीमेवर गाडी अडकली’ म्हणून ९५,००० रुपयांची मागणी आली. ही मागणी मात्र मी भरली नाही, पण त्याचे श्रेय माझ्या अकलेला जात नाही. खात्यात तेवढे पैसेच नव्हते. ते उसने मागायला पुतण्याकडे गेलो, तेव्हा त्याने सगळे फोटो पाहिले आणि बराच वेळ काहीच बोलला नाही. मला तो गप्प राहिला, त्याचेच जास्त लागले. त्यानंतर लाजेपोटी मी आणखी पाच दिवस घालवले.

१८ डिसेंबरला सकाळी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. पैसे गेल्यापासून पहिल्या काही तासांत तक्रार झाली, तर रक्कम पुढच्या खात्यात जाण्यापूर्वी गोठवता येते. माझा शेवटचा हप्ता जाऊन नऊ दिवस झाले होते. त्यामुळे लाज बाळगायची असेल तर ती नंतर बाळगा, आधी फोन करा. चार खात्यांपैकी एकात १८,६४० रुपये सापडले आणि गोठवले गेले. म्हणजे निव्वळ खड्डा २,२८,१६० रुपयांचा.

यापुढे जे झाले त्याचा संताप मला त्या सुभेदारापेक्षा जास्त आहे. बँकेत गेलो, तर काउंटरवरच्या अधिकाऱ्याने “व्यवहार तुम्ही स्वतः ओटीपी टाकून केला आहे” एवढे एक वाक्य चार वेळा ऐकवले, जणू ते मला माहीत नव्हते. पोलीस ठाण्यात गेलो, तर नागपुरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन दोनच दिवसांपूर्वी सुरू झालेले, निम्मे ठाणे बंदोबस्तावर. “अधिवेशन संपल्यावर या” असे सांगण्यात आले. चोराला अधिवेशनाची सुट्टी असते की काय, हे विचारण्याचे धाडस झाले नाही. अधिवेशन संपल्यावर गेलो, तर “हे सायबरचे प्रकरण आहे”. सायबरवाल्यांकडे गेलो, तर “यात शस्त्र आहे, आधी परवाना शाखेचे म्हणणे आणा”. परवाना शाखेत गेलो, तर तिथल्या कारकुनाने चष्म्यावरून माझ्याकडे पाहत विचारले, “मंजुरी नसताना पहिल्या प्रवर्गातली रायफल घ्यायला निघाला होता, असे तुम्ही लिहून देणार आहात का?” विनापरवाना अग्निशस्त्र बाळगण्याला आता शस्त्र अधिनियमाच्या कलम २५ खाली किमान दोन वर्षांची कैद आहे, हेही त्याने वर ऐकवले. मी मंजुरी येणार या समजुतीने पैसे भरले होते, शस्त्र ताब्यात घेतलेले नव्हते, ते अस्तित्वातच नव्हते! खेळण्यातल्या बंदुकीसाठी मला आरोपी करायला निघालेल्या त्या गृहस्थाला, जबलपूरच्या नावाने बिले छापणारा माणूस कोण, हा प्रश्न एकदाही पडला नाही.

असल्या ठगांना हीच गोष्ट पक्की माहीत असते. गिऱ्हाईक तक्रार करायला घाबरेल, असाच माल ते निवडतात. घाबरू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावी लागते, आणि घेतली नाही तर ती लेखी स्वरूपात टपालाने वरिष्ठांकडे पाठवता येते. मी रजिस्टर पोस्टाने पाठवली, पोचपावती जपून ठेवली, तेव्हा कुठे तेविसाव्या दिवशी ठाण्यातून फोन आला आणि गुन्हा दाखल झाला. भारतीय न्याय संहिता, कलम ३१८(४), म्हणजे फसवणूक. सोबत बिल, चारही व्यवहारांचे क्रमांक आणि व्हिडिओ कॉलवर पुतण्याच्या सांगण्यावरून नव्हे, तर निव्वळ हौसेने काढून ठेवलेले स्क्रीनशॉट दिले. माझ्या हातून झालेले एवढे एकच काम उपयोगी पडले.

ज्यांना बागेसाठीच शस्त्र हवे आहे, त्यांनी कायद्यात पिकाच्या रक्षणासाठी असलेल्या तरतुदीखाली सरळ अर्ज करावा. ज्यांना नेमबाजीची हौस आहे, त्यांनी २० ज्यूलपेक्षा कमी शक्तीची ४.५ मिलिमीटरची एअर रायफल घ्यावी. तिला परवाना लागत नाही आणि ती दुकानात बिलासकट मिळते. मी ती जानेवारीत घेतली. रविवारी रेंजवर दहा मीटरवर पुतण्याच्या शेजारी उभा राहतो, हात अजून थरथरतो.

गोठवलेले १८,६४० रुपये सोडवण्यासाठी न्यायालयात अर्ज केला आहे आणि तो प्रलंबित आहे. १४ जानेवारीला त्याच क्रमांकावरून ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ असा संदेश आला, आणि त्याखाली ९५,००० रुपये आज भरले तर रायफल गुरुवारी पोहोचेल, असे लिहिले होते. तो संदेश मी तपास अधिकाऱ्यांना पाठवला. त्यावर दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर अजून आलेले नाही.