मटण वाळवून ठेवायचे: ऊन, ओटीजी की डीहायड्रेटर?

हरणाच्या मांसाची जर्की, म्हणजे थेट खायच्या वाळवलेल्या पट्ट्या, कशी करावी हे वाचून सांगली-साताऱ्यात कोणी तसे मांस शोधायला निघणार असेल, तर त्याने तेथेच थांबावे. सागरेश्वर अभयारण्यात चितळ-सांबर दिसतात आणि कोयना-चांदोलीच्या जंगलात भेकरही आहे. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्यांची शिकार करणे हा गुन्हा आहेच, शिवाय त्यांचे मांस विकत घेणे किंवा जवळ बाळगणे हाही गुन्हा आहे. त्यामुळे आपल्यापुढचा प्रश्न बोकडाच्या मटणापुरताच उरतो, आणि तोही साधाच आहे: ते गच्चीवर वाळवावे, घरातल्या ओटीजीत (विजेच्या छोट्या भट्टीत) वाळवावे, की त्यासाठी डीहायड्रेटर (पदार्थ वाळवण्याचे यंत्र) विकत घ्यावा?

मांस वाळवणे आपल्याकडे नवे नाही. पूर्वी फ्रिज नव्हते आणि मांस रोज मिळत नव्हते. तेव्हा, विशेषतः दलित वस्त्यांत, मांसाच्या लांब पट्ट्या कापून, मीठ-हळद लावून वलणीवर वाळवत आणि त्या चान्या पुढे कित्येक दिवस पुरवत. मात्र या चान्या कोणी वाळवल्यावर तशाच तोंडात टाकत नसे. त्या निखाऱ्यावर भाजल्या जात किंवा रश्शात चांगल्या शिजवल्या जात. जर्की मात्र पाकिटातून काढून थेट खायची असते. माझ्या मते निवड याच फरकावर ठरते, यंत्राच्या किमतीवर नाही; बहुतेक जण मात्र किमतीपासूनच सुरुवात करतात.

पद्धत कोणतीही असली तरी मटणाची तयारी एकच आहे. खाटकाकडून मागच्या मांडीचे बिनहाडाचे मटण घ्यावे आणि पांढरी चरबी घरी सुरीने खरवडून काढावी, कारण चरबी वाळत नाही, ती खवट होते. माडग्याळ मेंढीचे मटण रश्शाला उत्तम असते, पण त्यातली चरबी या कामात त्रासच देते. मटण तासा-दीड तासासाठी फ्रीझरमध्ये ठेवून अर्धवट गोठवले की सुरी घसरत नाही आणि ६ मिलिमीटरहून पातळ, एकसारख्या पट्ट्या निघतात. धाग्याच्या दिशेने कापलेली पट्टी चिवट होते, धाग्याला आडवी कापलेली दाताला मऊ लागते. घरात वयस्कर माणसे असतील तर आडवीच कापावी. मीठ मटणाच्या वजनाच्या २ टक्के, म्हणजे किलोला २० ग्रॅम पुरते. त्यासोबत सांगलीची हळद, लसूण, मिरचीपूड, भरडलेले धने आणि थोडा व्हिनेगर एवढे घालून रात्रभर फ्रिजमध्ये मुरवावे. धने आणि व्हिनेगर ही दक्षिण आफ्रिकेतल्या बिल्टाँग या वाळवलेल्या मांसाचीही जोडी आहे. आपली कांदा-लसूण चटणी लावण्याचा मोह मात्र टाळावा, कारण तिच्यातले तेल आणि कांदा दोन्ही वाळण्याच्या आड येतात. परदेशी कृतींत सांगितलेले गुलाबी क्युरिंग मीठ (मांस टिकवण्यासाठीचे) म्हणजे आपले सैंधव नव्हे. त्यात सोडियम नायट्राइट असते आणि किलोला जेमतेम अडीच ग्रॅम लागते. अंदाजाने घालण्याची ती वस्तू नाही.

आता उन्हाबद्दल. जत, आटपाडी, माण, खटाव या दुष्काळी पट्ट्यात मार्च ते मेच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत हवा इतकी कोरडी असते की पातळ पट्टी दोन दिवसांत कडक होते. पाटण किंवा महाबळेश्वरकडे मात्र वर्षातील बरेच महिने हा विचारही करू नये. तासगाव भागात बेदाण्याची शेड रोज पाहणाऱ्यांना साहजिकच वाटते की द्राक्षे जाळीवर वाऱ्याने वाळतात तर मटण का वाळणार नाही. ते वाळते, पण दोन्हींत मूलभूत फरक आहे. द्राक्ष आंबट असते आणि सुकत जाईल तशी त्यातली साखर दाट होऊन जंतूंना वाढू देत नाही, म्हणूनच ते दोन आठवडे निवांत सुकू शकते. मटणात हे संरक्षण नाही. मिठाचा हात आणि वाळण्याचा वेग एवढ्यावरच सारी भिस्त असते. त्यातही स्टॅफिलोकोकस जातीचे जंतू बऱ्यापैकी मिठातही वाढतात आणि त्यांनी तयार केलेले विष नंतर रस्सा कितीही उकळला तरी नाहीसे होत नाही. म्हणून वळिवाचे ढग दिसले, पहिल्या संध्याकाळपर्यंत पट्टी हाताला चिकट लागली किंवा आंबूस वास आला, तर ‘शिजवल्यावर चालेल’ असे म्हणून ती पातेल्यात टाकू नये, फेकून द्यावी. पट्ट्यांवर मच्छरदाणीचे कापड दोन्ही बाजूंनी ताणून बांधावे आणि सूर्य कलण्याआधी सगळे घरात आणावे. खर्च जवळजवळ शून्य, पण सारा दिवस गच्चीवर लक्ष ठेवण्याची मेहनत मोठी.

ओटीजी अनेक घरांत केकसाठी घेतलेला असतो, त्यामुळे तो फुकटचा पर्याय वाटतो. अडचण अशी की मांस वाळवायला ५५ ते ६० अंश तापमान लागते आणि बऱ्याच ओटीजींची कळच १०० अंशांपासून सुरू होते. दारात लाकडी उलथने अडकवून वाफ बाहेर सोडता येते, पण आतली उष्णता सारखी राहत नाही. माझ्या पहिल्या खेपेत वरच्या जाळीवरच्या पट्ट्या चार तासांत काळपट, खडखडीत झाल्या आणि मी समाधानाने डबा भरला. पाचव्या दिवशी झाकण उघडले तेव्हा काही पट्ट्यांवर पांढरट-हिरवी बुरशी होती. एक पट्टी मोडून पाहिली, तर बाहेरून चामड्यासारखी आणि मधोमध गडद लाल, बोटाला ओलसर. जास्त उष्णतेने वरचा थर आधी घट्ट झाला होता आणि आतले पाणी तेथेच अडकले होते. ओटीजी या कामाला अगदीच निरुपयोगी नाही, पण त्याचा खरा उपयोग दुसरा आहे: दुसरीकडे वाळवलेल्या पट्ट्या शेवटी १३५ अंशांवर १० मिनिटे तापवून घेण्याचा.

डीहायड्रेटरमध्ये पंखा आणि मंद उष्णता दोन्ही असल्याने पट्ट्या आतबाहेर सारख्या वाळतात. ४०० वॅटचे यंत्र ८ तास चालले तर फार तर ३.२ युनिट वीज लागते आणि एका वेळी साधारण किलोभर मटण बसते. पण यंत्र आहे म्हणजे धोका संपला, ही समजूत चुकीची आहे. अमेरिकेतील ओरेगन राज्यात १९९५ मध्ये घरी वाळवलेल्या हरणाच्या जर्कीतून ११ जणांना ई. कोलाय या जंतूच्या घातक प्रकाराची बाधा झाली होती. पट्टीतले पाणी उडत असताना तिचा पृष्ठभाग थंड राहतो, त्यामुळे यंत्राच्या कळीवर ६० अंश दिसले तरी मांस बराच काळ तेवढे तापत नाही. आणि कोरडे पडत गेलेले जंतू उष्णतेला आधीपेक्षाही कमी दाद देतात. म्हणून वाळवण्याआधीच मटणाचे आतले तापमान ७१ अंशांपर्यंत नेणे हा अमेरिकेच्या कृषी खात्याचा सल्ला आहे. आपल्याकडे यासाठी इडलीपात्र उत्तम. चाळणीवर पट्ट्या एका थरात पसरून वाफवाव्यात आणि एक पट्टी थर्मामीटरच्या टोकाभोवती गुंडाळून आकडा पाहावा, कारण एवढ्या पातळ मांसात टोक नीट रुततच नाही. वाफवलेली जर्की थोडी भुरभुरीत होते आणि रंगही फिका पडतो. शुद्धतावादी नाक मुरडतील, त्यांना मुरडू द्यावे. रात्रभर यंत्र लावून झोपणे मात्र टाळावे; मध्येच वीज गेली तर कोमट मटण किती तास तसेच पडून होते हे सकाळी कळायला मार्ग नसतो.

पट्टी वाळली की नाही हे घड्याळावरून ठरवू नये. ती गार होऊ द्यावी आणि वाकवावी: तडा गेला पण दोन तुकडे झाले नाहीत, तर झाली. किलोभर मटणाची ३५० ते ४०० ग्रॅम जर्की उरते, हा आकडा हिशेबात आधीच धरावा. हवाबंद डब्यात ती दोन आठवडे बाहेर टिकते, त्यापुढे फ्रीझर.

तेव्हा, ज्यांना वर्षातून एकदा रश्शासाठी चान्या करून ठेवायच्या आहेत आणि ज्यांचे घर जत-आटपाडीच्या बाजूला आहे, त्यांनी यंत्रावर पैसे घालू नयेत. एप्रिलचे ऊन, पातळ काप आणि बेताचे पण पुरेसे मीठ त्यांना पुरे. ज्यांना सह्याद्रीतल्या भटकंतीला, मुलांच्या डब्यात किंवा प्रवासात थेट खाण्यासाठी जर्की हवी आहे, त्यांनी आधी वाफवणे आणि नंतर डीहायड्रेटर हाच मार्ग धरावा. महिन्यातून एकदाही ती होणार नसेल, तर दोन-तीन घरांत मिळून एक यंत्र घेणे बरे. सातारा शहरात किंवा कराडात राहणाऱ्या, ओटीजी आधीच असलेल्या घरांनी त्याची कळ किती अंशांपासून सुरू होते ते आज संध्याकाळीच पाहावे. ६० चा आकडा नसेल, तर पहिला प्रयोग पावकिलोवरच करावा.