फेल्ट, ग्लू गन आणि वेल्क्रो : घरी केलेल्या जुळत्या हॅलोविन पोशाखांच्या साहित्याचा आढावा

हॅलोविनसाठी घरातल्या सगळ्यांचे एकमेकांना साजेसे पोशाख घरीच करायचे ठरवले, तर खरेदीची यादी फार मोठी होत नाही. मीटरवर मिळणारे फेल्ट (तंतू दाबून केलेले जाडसर कापड), गोंद वितळवून सोडणारी एक ग्लू गन, वेल्क्रो, उशांत भरतात ते फायबर आणि चेहऱ्यासाठी थोडे रंग, एवढे पुरते. आमच्या सोसायटीच्या कार्यक्रमासाठी हे साहित्य मी बडोद्यात मंगळ बाजार आणि न्यायमंदिराच्या आसपासच्या लेस-टिकल्यांच्या दुकानांतून घेतले. त्यातले कोणते कामी आले आणि कोणत्याने निराशा केली, ते येथे नोंदवत आहे. माझे मत आधीच सांगते : पैसे फेल्टवर खर्च करावेत, बाकी बहुतेक गरज कपाटातल्या जुन्या कपड्यांवर भागते.

साहित्य किती लागेल हे विषयावर ठरते, म्हणून त्याबद्दल थोडे लिहिणे आवश्यक आहे. आयर्लंडमध्ये या सणाला सलगम कोरून दिवे करीत. तेथून अमेरिकेत गेलेल्या लोकांना भोपळा सहज मिळाला आणि तोच या सणाची खूण होऊन बसला. भोपळा म्हटल्यावर मराठी घरात लेकीकडे निघालेली म्हातारी आठवणारच. त्यामुळे आमच्याकडे धाकटी भोपळा झाली, मुलगा कोल्हा झाला, यजमान वाघ झाले आणि सासूबाईंनी स्वतःचे नऊवारी लुगडे नेसून हातात काठी घेतली, म्हणजे एक पोशाख फुकटात झाला. म्हातारीला तूपरोटी खाऊ घालणाऱ्या लेकीची भूमिका सुनेच्या वाट्याला आली, याचा सासूबाईंना विशेष आनंद झाला. सर्वांना एका सूत्रात बांधले ते एकाच ताग्यातून कापलेल्या नारिंगी फेल्टने. भोपळ्याचे अंग, कोल्ह्याचे शेपूट, वाघाचे कान आणि माझ्या व सासूबाईंच्या खांद्यावरचे भोपळ्याचे फूल हे सगळे त्याच रंगाचे असल्यामुळे पोशाख वेगवेगळे असूनही कुटुंब एकत्र दिसले. पाच जणांनी एकसारखे टी-शर्ट घालण्यापेक्षा हा मार्ग मला कितीतरी सरस वाटतो.

फेल्टचा मोठा गुण असा की ते विणलेले कापड नसते. त्यात ताणाबाणा नसतो, तंतू एकमेकांत दाबून बसवलेले असतात, त्यामुळे कापलेल्या कडेचे धागे सुटत नाहीत आणि कड दुमडून शिवण्याचे काम पूर्णपणे वाचते. ज्याला शिवणकाम बेताचेच येते, त्याच्यासाठी हे वरदानच आहे. दुकानांत ते दोन प्रकारे मिळते, ए-फोर आकाराच्या कडक तावांत आणि मीटरवर मऊ स्वरूपात. कडक ताव कान, पाने, भोपळ्याचे देठ अशा उभ्या राहणाऱ्या वस्तूंसाठी उत्तम आहेत. अंगावर घालण्याच्या भागांना मात्र मऊच घ्यावे. मी ज्या दुकानातून घेतले तेथील काकांनी ‘नाटक माटे छे?’ (नाटकासाठी आहे का?) असे विचारून प्रत्येक रंगाची कड उजेडात धरून दाखवली, आणि विरळ निघालेला एक तागा स्वतःच बाजूला सारला. विरळ फेल्ट खांद्याच्या शिवणीवर फाटते, म्हणून घेताना ही पारख अवश्य करावी. नवरात्र उलटल्यावर याच दुकानांत चणिया-चोळीच्या लेसचे तुकडे आणि गोंडे स्वस्तात निघतात. कोल्ह्याच्या शेपटाचे पांढरे टोक आम्ही अशाच गोंड्यांतून केले.

फेल्टचे दोषही सांगितले पाहिजेत. बाजारात मिळणारे बहुतेक फेल्ट कृत्रिम तंतूंचे असते, त्यातून हवा खेळत नाही, आणि बडोद्यात ऑक्टोबरअखेरची संध्याकाळही काही थंड नसते. त्यामुळे भोपळ्याचा अंगरखा चारही बाजूंनी बंद करू नये. पुढचा आणि मागचा असे दोन गोल भाग खांद्यांवर जोडून बाजूंना नुसत्या नाड्या लावल्या, आत सुती झबले घातले आणि फायबर फक्त पुढच्या भागात भरले, तेव्हा कुठे मुलगी तासभर न कुरकुरता वावरली. याशिवाय फेल्टवर घर्षणाने लवकर गोळे येतात आणि ते ताणले जात नाही, म्हणून गुडघे व कोपर यांवर ते लावण्यात अर्थ नाही.

ग्लू गनविषयी माझे मत संमिश्र आहे. लहान गनला ७ मिलीमीटर जाडीच्या गोंदाच्या कांड्या लागतात आणि मोठ्या गनला ११ मिलीमीटरच्या. घरगुती कामाला लहान गन पुरेशी आहे. तापमानाकडे मात्र लक्ष द्यावे. कमी तापमानाच्या गनमधील गोंद साधारण १२० अंश सेल्सिअसला आणि जास्त तापमानाच्या गनमधील १९० अंशांच्या आसपास वितळतो. फेल्टला पहिला प्रकार पुरतो. दुसऱ्याने पातळ कृत्रिम कापड आकसते आणि बोट भाजले तर फोड आल्याशिवाय राहत नाही. हेअरबँडवर कान बसवणे, देठाला पाने चिकटवणे ही कामे या गनने मिनिटांत झाली आणि पक्की राहिली. काम करताना गोंदाचे कोळिष्टकांसारखे धागे सगळीकडे लोंबतात; सण हॅलोविनचा असल्याने मुलांनी ते काढू दिले नाहीत. पण कपडा पुन्हा धुवायचा असेल तर त्यावर गोंद वापरूच नये, कारण गरम पाण्यात तो सैल होतो आणि सॅटिनसारख्या कापडावर त्याचा डाग आरपार दिसतो. वाघाचे काळे पट्टे म्हणूनच पिवळ्या कुडत्यावर साध्या धावदोऱ्याने टाचले. ते काम रेंगाळणारे असले तरी टाके उसवताच कुडता पुन्हा रोजच्या वापरात आला.

सर्वांत मोठी निराशा चिकटपट्टीच्या वेल्क्रोने केली. ऑनलाइन मागवलेल्या पाकिटावर कापडासाठी योग्य असल्याचे छापलेले होते. प्रत्यक्षात घामाने ओलसर झालेल्या सुती कापडावरून ती पट्टी कार्यक्रम अर्ध्यावर असतानाच निघाली आणि कोल्ह्याचे शेपूट सेफ्टी पिनच्या आधारावर आले. शिवण्याचा वेल्क्रो मीटरवर मिळतो, तोच घ्यावा. फायबर भरलेले शेपूट तसेही जड होते. ते विजारीला न लावता कमरेच्या पट्ट्याला अडकवल्यास विजार खाली ओढली जात नाही.

चेहऱ्याचे रंग पाण्यात कालवण्याचे आणि त्वचेसाठीच बनवलेले असावेत. हस्तकलेचे ॲक्रेलिक रंग, त्यांवर विषारी नसल्याचे लिहिलेले असले तरी, चेहऱ्यासाठी नसतात. आदल्या दिवशी मनगटाच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावून पाहावा. कोल्ह्याच्या मिशा आणि नाक यांचे काम घरातल्या काजळाच्या पेन्सिलने भागले.

एका बाबतीत कोणतीही तडजोड करू नये. हॅलोविन ३१ ऑक्टोबरला ठरलेला, तर दिवाळी मागेपुढे होते. २०२४ मध्ये नरकचतुर्दशी नेमकी त्याच दिवशी आली होती. अशा वेळी दारोदारी पणत्या लागलेल्या असतात आणि कृत्रिम फेल्ट पेट घेताना वितळून त्वचेला चिकटते. लोंबणारे शेपूट आणि फुगीर अंगरखा घातलेल्या मुलांच्या वाटेवर आम्ही बॅटरीचे दिवे ठेवले आणि पणत्या उंच कट्ट्यावर नेल्या. त्याच कारणाने अंगरख्याची लांबी गुडघ्याच्या वरच ठेवली. जिन्यावर पाय अडकण्याची भीतीही त्यामुळे उरली नाही.

खर्चाचे म्हणाल तर ग्लू गन धरूनही आम्हा पाच जणांचे साहित्य मॉलमध्ये पाहिलेल्या दोन तयार पोशाखांपेक्षा स्वस्त पडले, आणि त्या तयार पोशाखांत आजीच्या मापाचे काही नव्हतेच. भोपळ्याचा अंगरखा सध्या शेजारच्या बेनच्या नातीकडे शाळेच्या फॅन्सी ड्रेससाठी गेला आहे. देठ आणि पाने गोंदाने चिकटवलेली असल्यामुळे तो यंत्रात न टाकता थंड पाण्यात हाताने धुवावा, एवढी सूचना सोबत दिली आहे.