छोटा राउटर आणि डव्हटेल जोड: काही महिन्यांच्या वापरानंतर

लाकडात खाचा कापणारा हा छोटा राउटर मी मुख्यतः खणांच्या कोपऱ्यांचे डव्हटेल जोड (पक्ष्याच्या शेपटीसारखे पसरट, एकमेकांत अडकणारे दाते) कापण्यासाठी घेतला. वेग, वॅट वगैरे सर्वांना ठाऊक आहे आणि मोटरबद्दल माझी तक्रारही नाही. तक्रार आहे ती मोटर बेसमध्ये (खालच्या बैठकीत) आवळून बिटची, म्हणजे फिरणाऱ्या पात्याची, खोली पक्की करणाऱ्या खटक्याची. समोरून न दिसणाऱ्या डव्हटेलमध्ये जिगवर (राउटरला वाट दाखवणाऱ्या दातेरी साच्यावर) दोन्ही फळ्या एकदमच कापल्या जातात. बिट किंचित जास्त बाहेर असला की जोड घट्ट होतो, कमी असला की सैल. शिवाय टोकाकडे रुंद होत जाणारा १४ अंशांचा बिट टप्प्याटप्प्याने खाली नेता येत नाही, पूर्ण खोली एकाच फेरीत घ्यावी लागते. नेमक्या त्या ताणाखाली मोटर बेसमध्ये केसभर वर सरकत असे, आणि पहिला कोपरा हातोडीने ठोकून बसवावा लागला, तर शेवटचा हाताने ओढताच सुटून आला.

सेवा केंद्राने दोष बिटवर ढकलला: म्हणे ६.३५ मिमीच्या कोलेटमध्ये (बिटचा दांडा पकडणाऱ्या नळीत) मी ६ मिमी दांड्याचा बिट लावला असणार. व्हर्नियरवर दांडा ६.३५ भरला. शिवाय कोलेटमधून बिट निसटला, तर तो बहुधा बाहेर येतो आणि काप खोल होतो. माझे काप उथळ होत होते. यावर उत्तर मिळाले ते संपूर्ण बेस विकत घेण्याचे.

इथवर मी एकच तारा देणार होतो. मात्र बेस उलटा धरून पाहिला, तेव्हा खटक्याच्या दुसऱ्या टोकाला ताण वाढवण्याचा नट दिसला. तो पाव फेरा आवळल्यापासून मोटर जागची हललेली नाही. जे काम एका पान्याने होते, त्यासाठी नवा बेस खपवू पाहणाऱ्यांना काय म्हणावे? माहितीपुस्तिकेतही या नटाचा उल्लेख नाही, म्हणून एक तारा मी कापलेलाच ठेवला आहे.

आता जोड सरस लावण्याआधीच गुण्याला बरोबर लागतात. ढलप्या निघू नयेत म्हणून आधी उजवीकडून डावीकडे अगदी हलकी फेरी मारतो, मग नेहमीच्या दिशेने पूर्ण काप घेतो; पटाशीने साफसफाई जवळजवळ उरत नाही. भुसा ओढणाऱ्या नळीचे तोंड मात्र जिगच्या दात्यांना अडते, त्यामुळे ते काढूनच काम करावे लागते.