सहा डबे, एकवीस हजार सहाशे रुपये

आर्वी तालुक्यातील आमच्या गावात कापसाची पहिली वेचणी आटोपल्यावर एका कंपनीने महिलांचे आरोग्य शिबिर घेतले. आमच्याच बचत गटातील, मी लग्न होऊन आल्यापासून जिला काकू म्हणत आले त्या बाईंनी घरोघरी निमंत्रण दिले होते, त्यामुळे संशयाला जागा नव्हती. मी तेव्हा 38 वर्षांची होते आणि दुसऱ्या अपत्याची वाट पाहण्यात तीन वर्षे गेली होती.

तिथे जे सांगितले त्यातले बरेचसे खरे होते आणि फसवणुकीची करामत नेमकी तिथेच होती. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयांत 10 ते 20 लाख स्त्रीबीजे असतात, पाळी सुरू होईपर्यंत ती 3 ते 4 लाखांवर येतात आणि पस्तिशीनंतर घट वेगाने होते, हे कोणताही डॉक्टर सांगेल. शिबिरवाल्यांनी रक्त घेऊन एएमएच, म्हणजे स्त्रीबीजांच्या साठ्याचा अंदाज देणारे संप्रेरक, 0.8 इतके कमी असल्याचा कागद हाती दिला आणि ड, ई जीवनसत्त्व व बायोटिनचा 3,600 रुपयांचा डबा सहा महिने घेतल्यास अंडाशय पुन्हा तरुण होतात, असे सांगितले. आशाताईंना सांगू नकोस, नजर लागते, असे काकू म्हणाल्या. गोळ्यांना नजर कशी लागेल, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

सहा महिन्यांनी त्यांच्याच तपासणीत एएमएच 1.9 आले आणि आणखी सहा डबे घ्या, असा आग्रह सुरू झाला. या वेळी मात्र यजमानांनी ऐकले नाही व मला वर्ध्याला स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे नेले. बायोटिनमुळे काही यंत्रांवरचे निकाल चुकतात म्हणून त्यांनी डबा बंद करून दोन आठवड्यांनी रक्त तपासले, आकडा 0.7 निघाला. एएमएच म्हणजे उरलेल्या साठ्याचा अंदाज, आणि हा साठा कोणत्याही जीवनसत्त्वाने वाढत नाही; ड जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर ती भरून काढावी, पण तो वेगळा उपचार आहे; गर्भधारणेपूर्वी रोज घ्यायचे 400 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडसुद्धा बाळाच्या मेंदू-मणक्यासाठी असते, बीजांसाठी नव्हे, असे त्यांनी समजावले. आकडा कमी असला तरी गर्भ राहणारच नाही असे नाही, पण माझ्या वयात वाया गेलेले सहा महिने परत येणार नाहीत, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले.

घरी येऊन शिबिराचे दोन्ही कागद पाहिले, तर त्यांवर ना प्रयोगशाळेचा पत्ता होता, ना तपासणाऱ्या डॉक्टरांची सही. डब्यावर बारीक इंग्रजी अक्षरांत औषधी वापरासाठी नाही असे छापल्याचे भाच्याने वाचून दाखवले. स्त्रियांचे वंध्यत्व बरे करण्याचा दावा करणाऱ्या औषधी जाहिरातींना 1954 च्या कायद्याने बंदी आहे, हे मला फार उशिरा कळले.

ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर मी फोन केला, तेव्हा पलीकडून पहिल्यांदा पावतीच मागितली. काकूंनी सगळे पैसे रोख घेतले होते. माझ्या वहीत सहा ठिकाणी फक्त ‘काकू, 3,600’ एवढेच लिहिलेले आहे, आणि काकूंच्या माळ्यावर त्यांनी स्वतःच्या पैशाने घेतलेले अकरा डबे अजून पडून आहेत.