एसएमपीएस टेस्टर: घ्यावा, पण त्यावर थांबू नये

कॉम्प्युटर चालता चालता बंद पडला आणि परत सुरू होईना, की दुकानात पहिलं वाक्य ऐकू येतं, ‘मदरबोर्ड गेला’. त्यावर विश्वास ठेवण्याआधी एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, तपासावा. त्यासाठी हा एलसीडीवाला 24 पिनी टेस्टर कामाचा आहे. किंमत काही शे रुपये. इंदूरला सिल्व्हर मॉलमध्ये विचारून पाहा, नाहीतर ऑनलाइन आहेच.

मेन स्विच बंद करून बोर्ड, ड्राइव्ह आणि ग्राफिक्स कार्डाकडे जाणाऱ्या सगळ्या केबल काढा. 24 पिनी कनेक्टर आणि सीपीयूचा 4 किंवा 8 पिनी टेस्टरला लावा, मग वीज द्या. हिरवी वायर काळीला जोडून एसएमपीएस सुरू करायचं काम टेस्टर स्वतःच करतो, त्यासाठी पेपरक्लिप वाकवत बसायला नको. आकडे असे हवेत: 12 व्होल्टला 11.40 ते 12.60, 5 ला 4.75 ते 5.25, 3.3 ला 3.14 ते 3.47. बहुतेक लोक पीजीचा (पॉवर गुड, म्हणजे वीज स्थिर झाल्याचा इशारा बोर्डाला मिळायला लागलेला वेळ) आकडा बघतच नाहीत. तो 100 ते 500 मिलिसेकंदांत असावा. तिथे गडबड असेल तर व्होल्टेज बरोबर असूनही बोर्ड उठत नाही.

खरी उणीव पुढे आहे. टेस्टर एसएमपीएसवर जवळजवळ लोडच टाकत नाही. कपॅसिटर सुकलेला एसएमपीएस इथे 12.1 दाखवून आरामात पास होतो, आणि गेम किंवा रेंडरिंग सुरू झालं की बसतो. इंदूरच्या मे महिन्यात, धुळीने भरलेल्या कॅबिनेटमध्ये, हे जास्तच. रिपल, म्हणजे व्होल्टेजमधला बारीक चढउतार, तोही यात दिसत नाही.

म्हणून मशीन सुरू होतं पण लोडवर पडतं, अशा वेळी मल्टीमीटर काढा. डीसी 20 व्होल्टवर ठेवून मोकळ्या मोलेक्समध्ये (एसएमपीएसचा 4 पिनी कनेक्टर) काळा प्रोब काळ्या वायरच्या पिनेला आणि लाल प्रोब पिवळ्या वायरच्या पिनेला लावा, ओसीसीटी या लोड टाकणाऱ्या सॉफ्टवेअरची पॉवर टेस्ट चालवा. आकडा 11.4 च्या खाली गेला तर एसएमपीएस बदलायचा. प्रोब घसरून दोन पिना जोडल्या जाणार नाहीत एवढं बघा. आणि एसएमपीएस उघडून दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका. आतला मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही 300 व्होल्टच्या वर धरून बसलेला असू शकतो.

आकडा हलला नाही आणि मशीन तरी पडतं? मग रॅमची एकेक पट्टी लावून मेमटेस्ट हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर चालवा.